सुपारीच्या आदल्या दिवशी, गुत्त्यावर

माझं लग्न शिंदीच्या गुत्त्यावर ठरलं. हे सांगितलं की घरातल्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू देत. त्यांच्या वेळी निदान फोटो तरी आले होते. आमच्या वेळी निजामाचं राज्य होतं आणि मुलगा बघायला जायचे ते बाप आणि मामा. तेही मुलाचं तोंड कमी आणि विहिरीचं पाणी जास्त बघून यायचे.

माझ्या वडिलांनी तेच केलं. बावीस एकर काळी जमीन, दोन मोटांची विहीर, चार बैल. घरी येऊन म्हणाले, "सोन्यासारखं ठिकाण हाय. परवा सुपारी फोडू." त्याच दिवशी बांगड्या भरायला आलेल्या कासारणीनं आईच्या कानात सांगितलं, की पोरगा दर बाजारी शिंदीच्या गुत्त्यावर बसलेला असतो.

माझी थोरली बहीण तेव्हा माहेरी आली होती, सहा महिन्यांचं लेकरू घेऊन. तिचा नवरा सकाळपासून पिऊन पडायचा. तिचं ठिकाणही सोन्यासारखंच होतं. ती सासरचं कधी काही बोलायची नाही, पण कासारणीचं ऐकून तिनं माझ्याकडं असं पाहिलं की माझं डोकंच फिरलं. मी आईला म्हटलं, "म्या सोता बघितल्याबिगर सुपारी फुटायची न्हाय."

आई रडायला लागली. आत्या मात्र म्हणाली, "उद्या बाजारच हाय. जाऊ."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून स्वतःची शेती स्वतः करणारी. तिच्या जिभेला हाड नव्हतं. अणदूरच्या जत्रेत तिची आणि मुलाची एकदा गाठ पडली होती, म्हणून ओळखायची अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी वडील शेतावर गेले आणि आम्ही मीठ-मिरची आणायचं निमित्त करून निघालो. गुत्ता बाजाराच्या टोकाला होता. पाचटाचं मोठं छप्पर, शिंदीनं भरलेली मडकी, आणि दारातच निखाऱ्यांवर सळईला लावलेलं मटण अन् कलेजी. आतला गोंगाट बाजारापेक्षा मोठा. मजूर बाया बाजूला निंबाखाली बसून खात होत्या. आमच्यासारख्या घरातली बाई तिकडं फिरकत नसे. मी आत्याचा पदर धरूनच चालत होते, खोटं कशाला सांगू?

आत्या सरळ छपरात शिरली. मटण भाजणारा म्हातारा गडबडला. "अम्मा, औरतां उधर बैठते, निंब के नीचे."

"निंबाखालनं दिसत न्हाय."

"क्या नहीं दिसता?"

"तुजं तोंड. दोन सळया दे, आन भाकरी." आत्यानं बाकावर बैठक मारली.

म्हाताऱ्यानं गरम मटण भाकरीवर ओढलं, बुक्कीनं फोडलेला कांदा शेजारी ठेवला. मी पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. आत्या म्हणाली, "आता नाकानं खातीस का?" मग पदर मागं सारला आणि खाल्लं. मटणाची चरबी भाकरीत मुरली होती. जिवाला घोर लागलेला असताना एखादी गोष्ट इतकी चवदार लागावी याचा मला रागच आला.

"त्यो बघ," आत्या हळूच म्हणाली. दोन बाकं सोडून तो बसला होता. (तेव्हा तो 'तो'च होता; 'हे' व्हायला अवकाश होता.) चार सोबती, बैलाच्या किमतीवरून वाद, मोठमोठ्यानं हसणं. आणि माझ्या देखत त्यानं शिंदीचा लोटा तोंडाला लावला.

मी म्हटलं, "चला आत्या. बघितलं."

"भाकरी टाकून उठू न्हाय. पुरतं बघ."

बसले. त्यानं लोटा संपवला. सोबती दुसरा भरायला लागला, तर यानं लोट्यावर तळहात ठेवला. सोबत्यानं हात ओढला, बाकीचे ओरडले, "आत्ताच बायकोला भ्यायला लागला!" त्यानं लोटा पालथा घातला आणि म्हाताऱ्याला हाक मारून भाकरी मागितली.

हात धुवायला उठला तेव्हा तो आमच्या बाकाजवळूनच गेला. आत्याला बघून थबकला. "आत्याबाई, तुमी हितं?" मग त्याची नजर माझ्यावर आली, आणि मी कोण ते त्याला कळलं. कान लाल झाले त्याचे.

बोलायचं नसतं. मी बोलले. "रोज पिता का?"

"न्हाय. बाजारादिशी. एक लोटा."

"आन दुसरा?"

तो लगेच बोलला नाही. खोटं बोलणारा झटकन बोलतो, हे मी दाजींकडं बघून शिकले होते. "दोनदा घेतला हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या बारीला बैलांनीच घरी नेलं मला. आई आठ दिस बोलली न्हाय. तवापासनं एकच."

"आन सोडा म्हणलं तर?"

"आत्ता व्हय म्हणंन. पर जमंल का न्हाय, ठावं न्हाय."

आत्यानं उरलेला घास खाल्ला. मीही माझी भाकरी संपवली.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. वडील दारातच उभे. "शिंदीच्या गुत्त्यात बसून खाल्लं? नाक कापलं माझं!"

"तू जमीन बघून आलास," आत्या म्हणाली. "आमी माणूस बघून आलो."

मी म्हटलं, "सुपारी फोडा."

आत चुलीपाशी बहिणीनं सगळं खोदून खोदून विचारलं. बुक्कीनं फोडलेला कांदा, लोट्यावरचा हात, लाल कान. ती खूप हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघत होते. मग म्हणाली, "किती येळ लागला गं सगळ्याला?"

"अर्धा दिस."

ती लेकराला थोपटत राहिली. मग आत्याकडं बघून म्हणाली, "आत्या, माझ्या बारीला अर्धा दिससुदा नव्हता का हो कुणाकडं?"

आत्यानं लेकराला स्वतःच्या मांडीवर घेतलं. म्हणाली, "तुला न्यायला येऊ दे त्याला. दारात मी बसते."

माझ्या लग्नानंतर महिन्याभरानं दाजी न्यायला आले, पिऊनच. वडील त्यांच्यासाठी घोंगडी अंथरायला निघाले. आत्या उंबऱ्यावर बसली होती. संध्याकाळी दाजी एकटे परत गेले, तरी ती उठली नव्हती.