मिनिटाला वीस

आमच्या नर्सिंग कॉलेजने ऑनलाइन कोर्स विकत घेतला, तेव्हा प्राचार्यबाईंनी पेढे वाटले. म्हणाल्या, आता मुली घरबसल्या विचार करायला शिकतील. पेशंटकडे बघून काय बिनसलंय ते ताडायचं, याला त्या कोर्सात क्लिनिकल रीझनिंग म्हणतात. डोंबलाचं रीझनिंग. पडद्यावर चित्रातला एक म्हातारा खोकतो, खाली चार उत्तरं येतात, बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात. चुकलं तर म्हातारा बिचारा पुन्हा पहिल्यापासून खोकतो.

मुली काय दूधखुळ्या आहेत? एकीने सोडवायचं, उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, बाकीच्यांनी कारेलीबागेतल्या गाडीवर शेव-उसळ खाता खाता अंगठा मारत सुटायचं. सगळ्यांना पैकीच्या पैकी. मला या हुशारीची किळस यायची, आणि ते मी स्टाफरूममध्ये मोठ्यांदा बोलूनही दाखवायचे.

त्या कोर्सात पहिली आलेली मुलगी माझ्याबरोबर वॉर्डात होती. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एक गुजराती आजी तिच्याकडे सोपवल्या होत्या; सगळे त्यांना बा म्हणत. दुपारी बाराला मी फेरीला गेले, तर बा उशीला टेकून बसलेल्या, ओठ काळवंडलेले. 'बेन, गभरामण थाय छे,' जीव घाबरा होतोय, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तक्त्यावर पोरीच्या सुबक अक्षरात नुकतंच लिहिलेलं: श्वास, मिनिटाला वीस. मी घड्याळ धरून मोजले. छत्तीस भरले.

हे वीस म्हणजे आमच्या पेशातला जुना आळस. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी मशीन सांगतं. श्वास मोजायला मात्र पेशंटच्या छातीकडे बघत मिनिटभर उभं राहावं लागतं. तेवढा धीर कोणाला? वीस लिहायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं.

डॉक्टर धावत आले, बांना आयसीयूत हलवलं. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली होती. सकाळीच लक्षात यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी बा गेल्या.

मी त्या पोरीला समोर उभं करून सोलून काढलं. म्हटलं, चित्रातल्या म्हाताऱ्याचं सगळं कळतं तुला, आणि जित्याजागत्या बाईच्या छातीकडे मिनिटभर बघवलं नाही? लाज कशी वाटत नाही गं? ती हळूच म्हणाली, 'मॅडम, बांना सकाळीही धाप लागल्यासारखी वाटत होती. पण नऊच्या रकान्यात तुम्ही वीस लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही मोजलेत म्हणजे ठीकच असणार.'

मी मोजले नव्हते. साडेनऊला माझा ऑनलाइन तास होता, लिंक सुरू करायची घाई होती. बांच्या तोंडाकडेही न बघता, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून मी तो आकडा लिहिला होता.