दुखणं थांबलं ते दहा दिवस

आत्या गेल्याला सहा आठवडे झाले. तिला दवाखान्यातून आमच्या उंद्रीच्या घरी आणलं तेव्हा कपाशीची फुलं अजून उमलतच होती. तिच्या कामाच्या टोळीतल्या बायका शेतातून तशाच आल्या, बोटांना पिवळे परागकण घेऊन. मी दाराशी उभी होते. मी एरवीही कमी बोलते, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही.

सुमनआत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि बीटी कपाशीच्या बीजोत्पादनाचं काम शिकली. संध्याकाळी कळी सोलून तिचे पुंकेसर काढायचे, सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे परागकण लावायचे. फुलाला एकच सकाळ असते, ती हुकली की बी गेलं. बारा बायकांची टोळी आत्या सांभाळायची. सगळ्या तिला अक्का म्हणत.

तिचं दुखणं पहिल्यांदा आलं तेव्हा मी चिखलीच्या इंग्रजी शाळेत सातवीत होते. उजव्या बरगडीखाली असं दुखायचं की घेतलेला श्वास अर्ध्यावरच थांबायचा. फुप्फुसाच्या आवरणाला सूज आहे, असं निदान झालं. महिनोन् महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. दोन वर्षांनी पुन्हा आलं, मग पुन्हा... तिनं त्याच्यासोबत राहायची रीत बसवून घेतली. दुखऱ्या कुशीवरच झोपायची, कारण ती बाजू दबली की कमी हलते. खोकला येतोय असं वाटलं की उशी बरगडीशी घट्ट धरायची. बोलायची तीन-चार शब्दांत. लोकांना ती तुसडी वाटे. खरं तर आमच्या घरात सगळ्यात गमतीशीर तीच, फक्त स्वतः हसायची नाही. "मले हसवू नका बे," म्हणत हात बरगडीवर दाबायची.

यंदा जूनमध्ये पुन्हा दुखू लागलं तेव्हा तिला घेऊन मी बुलढाण्याला गेले. डॉक्टर परराज्यातले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. मला इंग्रजी येतं म्हटल्यावर माझ्याशीच बोलले. फुप्फुसाबाहेर दोन पातळ पडदे असतात, ते सुजले की श्वासागणिक एकमेकांवर घासतात, म्हणून दुखतं. मध्ये पाणी साचलं की पडदे दूर होतात आणि दुखणं थांबतं. "तेव्हा तुमच्या आत्या म्हणतील, बरं वाटतंय. पण दम लागायला लागला तर त्याच दिवशी घेऊन या."

बाहेर आल्यावर आत्यानं मला चिडवत विचारलं, "काय म्हणे वं, मॅडम?"

"सूज आहे. गोळ्या वेळेवर घ्यायच्या."

"एवढ्या वेळात एवढंच सांगतलं त्यायनं?"

"हो."

बाकीचं मला इंग्रजीत नीट समजलं होतं. पण बरं वाटलं की घाबर, हे माणसाला कोणत्या शब्दांत सांगायचं ते सुचेना. माझ्या पुस्तकी मराठीला घरात सगळे हसतात. वेळ आली की सांगू, असं मी ठरवलं.

वेळ आली ती ऐन कामाच्या दिवसांत. सकाळचं काम संपवून बायका बांधावर बसल्या होत्या. आत्या आपल्या पिवळ्या बोटांकडे पाहत म्हणाली, "ह्या फुलाईचे लग्नं लावू लावू मलेच हळद लागली."

टोळीतली शबानाचाची लगेच म्हणाली, "हळद तं लागली, अक्का. नवरदेव पाहू का?"

"पाह्य. पण खोकलणारा नको. घरात एक पुरे!"

आणि आत्या हसली. बरगडीला हात न लावता, मान मागे टाकून, पोटभर. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "दुखलं नाही वं!" ती माझ्याकडे पाहून म्हणाली. मीही हसले. नंतर शेतातून रस्त्यापर्यंत येताना ती तीनदा थांबली. "उकडून राह्यलं," म्हणाली. मी ते थांबणं मोजलं होतं.

तरी मी बोलले नाही. घरात इतक्या वर्षांनी आनंद होता. बाबांनी पेढे आणले होते. आज सांगू, उद्या सांगू... असे दहा दिवस गेले. अकराव्या सकाळी तिचे ओठ निळसर दिसले.

दवाखान्यात छातीत नळी घातली, गढूळ पाणी निघालं. उशीर झाला, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले की सगळ्यांकडे, मला कळलं नाही. पाणी उतरलं तसं दुखणंही परतलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघीच असताना आत्यानं विचारलं, "हे असं होते म्हणून सांगतलं होतं का तुले त्यायनं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग ठीक. मले वाटलं, तू घाबरली असशीन सांगाले."

त्यानंतर ती दोन दिवस जगली. मी ते "नाही" मागे घेतलं नाही.

आता तिच्या खोलीत बसून हे लिहिते आहे. खाटेमागच्या भिंतीचा चुना एका जागी घासला गेला आहे. त्या दहा दिवसांत तिला आडवं होता येत नव्हतं, ती तिथे पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. आम्ही म्हणायचो, झोप कशी शांत लागते आता.

मघाशी बाबा दारात येऊन थांबले. "आत्यावर लिहून राह्यली का?"

मी मान हलवली.

"लिहजो, अखेरीले दहा दिवस तिले आराम होता. देवानं तेवढं चांगलं केलं."

बाबा, लिहिलं.