बाप असलेली अनाथ

सालोमी गेल्याचं मला कळलं ते मंडळाच्या शिपायाकडून. शाळेच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "बाई, सालोमीबाई गेल्या पहाटे. आणि चिटणीससाहेब विचारतायत, शोकसभेला शाळेतली बाकं मिळतील का?" सालोमी अजून दवाखान्यातल्या खाटेवरच होती आणि यांना बाकांची पडली होती! मी 'देते' म्हणाले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. लहानपणापासूनची मैत्रीण होती माझी… आता काही आठवडे लोटले. रडू आटलं, राग काही आटत नाही.

आमचं सेवा मंडळ म्हणजे दिवेआगरच्या अलीकडे, पोफळीच्या वाड्या संपतात तिथला दवाखाना, मुलींचं अनाथालय आणि मी शिकवते ती शाळा. सालोमी दवाखान्यात नर्स होती. आसपासच्या कोळीवाड्यांतली कितीतरी पोरं तिच्या हातांवर जन्मली. पण इथे ती आली ती सखू म्हणून. माझे वडील तेव्हा याच शाळेत मास्तर होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं. डोंगरावरच्या तळे गावचा राघो नावाचा शेतकरी मांडीला गळू झालेली, तापाने फणफणलेली पोर खांद्यावर टाकून डोंगर उतरून आला. तेव्हा मंडळ चालवणाऱ्या विलायती मडमेने गळू कापलं, पोर वाचली. जखम भरेपर्यंत तिला अक्षरं येऊ लागली, तेव्हा बापानेच हात जोडले, "शिकतेय तर शिकू द्या." आता तिला ठेवायची कुठे? राहायची सोय होती ती फक्त अनाथांची. मग मडमेने कागदावर सखूला अनाथ केली. बाप समोर उभा, आई घरी भात लावतेय आणि पोर अनाथ! शिवाय विलायतेला जे अहवाल जायचे त्यांतही अनाथच लागायचे. आईबाप असलेल्या पोरीसाठी तिकडे कुणाला पाझर फुटत नसावा.

मोठी झाल्यावर तिने आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला आणि सखूची सालोमी झाली. राघोबाबा रागावले, एक भातकापणी उलटेपर्यंत इकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस डोक्यावर गाठोडं घेऊन हजर. "द्येव बदललास तर बदल, तांदूळ आपलाच खा," म्हणाले. त्यानंतर दरवर्षी नवा तांदूळ यायचा. पण लाँचमधून परदेशी पाहुणे उतरले की मडम राघोबाबांना स्वयंपाकघरामागे बसायला पाठवी. पाहुण्यांना अनाथ दाखवायची असायची, ती बापासकट कशी दाखवणार? पाहुणे फोटो काढत, सालोमी फोटोपुरती उभी राहायची आणि मग पाट घेऊन मागे बापाजवळ जाऊन बसायची. "कोन आलंय गं एवढं?" तो विचारायचा. ती म्हणायची, "आपल्यावर दया करायला आलेत."

तिला कुणी संत करू नये. शोकसभेत ते काम चोख झालंच आहे. ती चिडकी होती, दाराआड उभी राहून मशेरी लावायची आणि कळा सुरू झाल्यावर उशिरा आणलेल्या बाईच्या नवऱ्याला अशा शिव्या घालायची की पाळकसाहेब कानांवर हात ठेवून निघून जात. प्रार्थना मनापासून करायची. माझंही देवाशी काही भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या नावाने पाट्या लावणाऱ्यांशी.

स्वातंत्र्य आलं, मडम मायदेशी गेली. आम्ही दोघी इतक्या खुळ्या की आनंद झाला. आता कारभार आपल्या माणसांकडे, एक खोटा शब्द खोडायला कितीसा वेळ लागणार? पण आगीतून निघून फुफाट्यात पडलो. आपली माणसं म्हणजे चिटणीस भास्करराव. परदेशातून गरिबांसाठी जुन्या कपड्यांचे गठ्ठे यायचे, त्यांतला लोकरीचा कोट उचलून कोकणच्या घामात मिरवणारा हा गृहस्थ. मडमेने निदान एक पोर ठेवून घ्यायला खोटं लिहिलं होतं. यांनी ते जपलं, कारण ते गोऱ्या मडमेच्या अक्षरात होतं. मंडळाच्या महोत्सवाला त्यांनी इतिहास छापला, त्यात पहिल्याच पानावर 'आमच्या कार्याचे प्रथम फळ, अनाथ सालोमी'. ती पुस्तिका घेऊन सालोमी तडक कचेरीत गेली, मी तिच्या मागोमाग.

"भास्करराव, माझा बाप काल तुमच्यासमोर चहा पिऊन गेला. पाऊसपाण्याचं तुम्हीच विचारलंत त्याला."

"बाई, दप्तरात तसं आहे. जुनं दप्तर बदललं तर मंडळाच्या नावाला बट्टा लागेल."

"आणि माझ्या बापाच्या नावाला?"

"ते कुठे वाचणार आहेत?"

"म्हणून तर मला वाचावं लागतं," ती म्हणाली. पुढच्या आवृत्तीत बघू, असं आश्वासन मिळालं. आवृत्ती कधी निघाली नाही आणि सालोमी विचारायची थांबली नाही. मरेपर्यंत.

कबरस्तानात राघोबाबा आले होते, मुलाचा हात धरून, वाकलेले. तर भास्कररावांनी कबरीपाशी काय वाचावं? तीच पुस्तिका! "जिला या जगात रक्ताचे कोणी नव्हते…" म्हाताऱ्याने हातातली माती तशीच धरून ठेवली आणि मला विचारलं, "बाई, मंग मी कोन?" सगळ्यांनी ऐकलं. पाळकांनी खाली पाहिलं. भास्कररावांनी पान उलटलं.

शोकसभेच्या दिवशी म्हातारा पुन्हा आला. सालोमीच्या आईला लेकीचं एक लुगडं हवं होतं, बस. खोलीला मंडळाचं कुलूप. भास्करराव म्हणाले, "बाबा, दप्तरात त्यांना वारस नाही. वस्तू मंडळाकडे जमा होतात." म्हातारा वाद न घालता पुढच्या पडवीत, सालोमीच्या बंद खोलीसमोर बसला. शोकसभेला मुंबईचे पाहुणे येणार म्हणून त्याला दोनदा मागे जायला सांगितलं. "न्हाय," म्हणाला, "हितं माजी लेक ऱ्हायची." पाहुणे आले, विचारलंच, हे कोण? "सालोमीचा बाप," म्हातारा म्हणाला. आयुष्यभर सकू म्हणणारा तो माणूस, पण त्या दिवशी त्याने त्यांना कळेल ते नाव घेतलं.

मग धावपळ. कुलूप निघालं, सालोमीचं एक पांढरं पातळ बाहेर आलं. पाहुण्यांसमोर भास्करराव मला हळूच म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत आपण 'अनाथवत' छापू." मला हसावं की थुंकावं कळेना. मग त्यांनी कपडेवाटपाची वही पुढे केली आणि लिहिलं, 'गरजू इसमास एक लुगडे, धर्मादाय'. लेकीचं लुगडं बापाला भीक म्हणून! शाईचा बोळा म्हाताऱ्यापुढे आला. "काय लिवलंय?" त्याने मला विचारलं. मी मोठ्याने वाचलं, मुंबईकरांनाही ऐकू जाईल असं.

त्याने अंगठा मागे घेतला. "बाप लिवा. मंग देतो."

भास्करराव पाहुण्यांकडे बघत राहिले. पाहुणे त्यांच्याकडे. शेवटी त्यांनी ओळ खोडली… त्या दप्तरातली ओळ, जी म्हणे खोडता येत नाही. मी मुलांचं शुद्धलेखन तपासताना उभी राहते तशी खांद्यावरून वाकून उभी होते. त्यांनी लिहिलं, 'वडिलांस'. राघोबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी अंगठा उमटवला, पातळ काखेत घेतलं आणि पुढच्या पायऱ्या उतरून तळे गावच्या वाटेला लागले.