तारांचा नकाशा

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या घरात एकाही तारेला चिठ्ठी नव्हती. "चिठ्ठी कशाला? मी आहे ना," तो म्हणायचा. कुठली तार कुठून निघते, कुठल्या खोलीत उतरते, सगळं त्याच्या डोक्यात. शेजारी त्याला 'एक्सचेंज' म्हणत. बायकोलाही त्याचं कौतुक होतं. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या विसरण्याला नाव दिलं, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता.

गेल्या आठवड्यात नेट गेलं, आणि तो कपाटावरच्या तारांच्या डब्यासमोर तासभर स्टुलावर उभा राहिला, हातात निळी तार धरून. शेवटी खाली उतरून म्हणाला, "अगं, ही कुणाची?" त्या दिवशी दारावरचा कॅमेराही बंद पडला. नवरा बाहेर पडला तर त्यातून फोनवर दिसायचा, म्हणून तर ती भाजी आणायला जाऊ शकत होती. एकदा तो अनवाणीच चौकापर्यंत पोहोचला होता.

डोक्यातलं सगळं निथळून जायच्या आत उतरवून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. आधी कागद-पेन्सिल घेतली. पण त्याला रोज नवंच काही आठवायचं, आणि खाडाखोडीनं कागदाचा पार चिखल झाला. म्हणून ती फुकटातलं सॉफ्टवेअर शोधायला बसली. पहिलं मोठं देखणं होतं. राउटर, कॅमेरा, सगळ्याची हुबेहूब चित्रं. पंधरा चित्रं झाली आणि पैसे मागायला लागलं. दुसऱ्याला खातं हवं, पासवर्ड हवा, शिवाय ते चालायचं फक्त नेटवर.

मागं उभा राहून वाचणारा नवरा खदखदून हसला. "म्हणजे नेट बंद पडलं की दुरुस्तीचा नकाशा बघायला नेट लागणार! वा, बाई! भूगोलाची मास्तरीण शोभतेस!"

किती दिवसांनी तो असा हसला होता. तिसरं सॉफ्टवेअर अगदीच ओबडधोबड निघालं: चौकोन, गोल, रेघा, बस्स. पण खातं नको, नेट नको, नकाशा घरच्याच कंप्युटरवर राहणार. तिनं तेच घेतलं.

दुपारच्या जेवणानंतर त्याचं डोकं त्यातल्या त्यात साफ असायचं. तो सांगायचा, ती रेघा ओढायची.

"पिवळी?"

"दारावरचा कॅमेरा."

"हिरवी?"

"टीव्ही. अगं, सरळ काढ! गाढवाच्या शेपटीसारखी काय ती!"

चौथ्या दिवशी, काही सुटायला नको म्हणून, त्यानं राउटरचं पान उघडून दिलं. त्याचा पासवर्ड विचारला तर त्याला सांगता येत नसे. बोटं मात्र न चुकता टाइप करत. जोडलेल्या यंत्रांची यादी तिनं उतरवून घेतली. खाली आणखी एक यादी होती, अडवलेल्या यंत्रांची. तिच्यात एकच नाव होतं: चिमणीचा फोन.

चिमणी म्हणजे त्यांची लेक. दूरच्या शहरात जाऊन राहण्यावरून तीन वर्षांपूर्वी बापाशी कडाक्याचं भांडून गेलेली. त्याच्या आजाराचं कळल्यावर एकदाच आली होती, चार दिवसांची बॅग घेऊन. सोफ्याच्या कडेवर बसून फोनशी झटापट करत तिनं विचारलं होतं, "आई, वायफायचा पासवर्ड बदललात का गं?"

"नाही बाई. तोच, तुझ्या जन्मतारखेचा."

लेकीनं पुन्हा टाकून पाहिला. मग बापाकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाली आणि फोन पर्समध्ये टाकला. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. पुढं तिचे फोनही कमी होत होत थांबले. नेटच बिघडलं असेल, असं आई आजवर समजत आली होती. पण बापाच्या पायाशी बसून तारा सोलायला शिकलेली पोर ती. तिला तिथंच कळलं असणार.

"अहो, हे तुम्ही केलंत?" तिचा आवाज चढला.

तो वाकून वाचत राहिला. "चिमणीचा फोन कुणी अडवला? पोरीची परीक्षा तोंडावर आलीय! काढ आधी ते!"

ज्याच्यावर ओरडायचं होतं, तो माणूस आता समोर नव्हताच.

तिनं ते नाव त्या यादीतून काढलं. नकाशात एक चौकोन वाढवला, त्यात 'चिमणी' लिहिलं आणि राउटरपासून तिथवर रेघ ओढली. लेकीला फोन लावला. वाजून वाजून थांबला. मग नकाशाच पाठवला, खाली लिहिलं, 'बाबांनी तुझा फोन अडवला होता. मला आज कळलं. त्यांना आता आठवतही नाही. तू ये.' लेकीनं वाचल्याची खूण उमटली. दोन दिवस झाले तरी उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी छापलेला नकाशा डब्याच्या झाकणावर लावताना त्यानं चिमणीपाशी बोट ठेवलं. "ही रेघ तुटक का?"

वर्गात वर्षानुवर्षं सांगितलेलं तिनं त्यालाही सांगितलं. "रस्ता ठरलाय. अजून झालेला नाही."

"मग झाला की पूर्ण कर हं," तो म्हणाला. "नाहीतर विसरशील." आणि चिकटपट्टीचं टोक नखानं शोधत राहिला.