उतारावरचा ब्रेक

वडिलांच्या गाडीचा ब्रेक मधूनच दगडासारखा कडक व्हायचा आणि त्यापायी घरात सगळ्यांचं डोकं फिरलं होतं. गाडी जुनी, पेट्रोलची, वर्षभरापूर्वी सेकंडहँड घेतलेली. जळकोटहून तुळजापूरला जाताना कधी काहीच व्हायचं नाही, कधी पेडल दाबलंच जायचं नाही. एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरमागं हातभर अंतरावर गाडी थांबली. त्या दिवसापासून आई एसटीनं जाऊ लागली.

गॅरेजवाल्यानं आधी ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडल दाबताना पायाला जोर पुरवणाऱ्या डब्याला, जाणारा पाइप बदलला, मग अख्खा बूस्टरच. इंजिन बंद ठेवून पेडल तीन-चारदा दाबायचं, पाय तसाच ठेवून गाडी सुरू करायची, पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक. ही परीक्षा त्यानं माझ्यासमोर घेतली आणि पेडल निमूट खाली गेलं. परत येताना गाडी मी चालवली, ब्रेक उत्तम लागत होता. दुसऱ्या दिवशी वडिलांनी नेली, पुन्हा कडक. मी गॅरेजवाल्याला फोनवर नको नको ते बोलले. तो म्हणाला, "ताई, गाडीत काय बी न्हाय. आता चालवणाऱ्याला बघा."

हे माझ्या थोरल्या भावाच्या कानावर गेलं आणि त्याला आयतं कारण मिळालं. "आबांच्या पायात जोर राहिला न्हाय. चावी काढून घ्या," तो पुण्याहून म्हणाला. पुण्यात बसून जळकोटातला पाय तपासणारा डॉक्टर. चावी गेली की वडिलांचं शेत, बाजार, पाहुण्यांकडं जाणं, सगळंच बंद पडणार होतं. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, पण यावर अवाक्षर बोलला नाही. मला त्याचाही राग आला.

शेवटी एका रविवारी मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला, दाखवा कसं होतंय ते."

सपाट रस्त्यावर सगळं ठीक चाललं. उतार लागला तशी त्यांनी गाडी न्यूट्रल केली आणि अगदी सहज चावी फिरवून इंजिन बंद केलं. गाडी आपली घरंगळत निघाली. खाली मेंढरं रस्ता ओलांडत होती. त्यांनी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. तिसऱ्यांदा दाबताना ते सीटवरून अर्धे उठले. मी हँडब्रेक ओढला. गाडी मेंढरांच्या जरा अलीकडं थांबली. मेंढरवाल्यानं आमचा उद्धार केला.

"आबा, इंजिन कशापायी बंद केलं?"

"उताराला पेट्रोल कशाला जाळायचं? जीप अशीच चालिवली की जल्मभर."

मग मात्र माझा तोल सुटला. त्यांच्या जुन्या जीपला बूस्टर नव्हताच; इंजिन चालू असो की बंद, तिचा ब्रेक कायमच कडक. या गाडीत इंजिन चालू असेपर्यंत बूस्टर पायाला साथ देतो आणि बंद केलं की दोन-तीन दाबांत ती साथ संपते. गॅरेजच्या सपाट फरशीवर हे सापडणार कसं? उतार लागला की गाडी बंद करायची, हे आमच्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वडिलांना वाटलंच नव्हतं. जीव जाईल तुमचा, लोकांचाही घ्याल, नव्या बूस्टरचे पैसे पाण्यात गेले, असं मी बोलतच सुटले.

ते समोर बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजी माय, माझ्या पायाला काय झालेलं न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं. इतके दिवस ते गप्प का होते, ते मला तेव्हा कळलं. भाऊ जे बोलला होता, ते त्यांनी खरं धरलं होतं. माझा राग होता तिथंच होता, पण मी चावीकडं बोट दाखवलं.

"चालू करा," मी म्हणाले. "तुम्हीच चालवा."