मालक, जाऊ का?

नगर रस्त्यावरच्या मैलाच्या दगडाला काठीनं दोनदा टकटक करायची, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसायचा आणि म्हणायचं, "चला. गेल्या वाटेनं परत यायचं नाही." एवढं झाल्याशिवाय मास्तरांची फेरी सुरू होत नसे.

त्या काळात तुम्ही घोडनदीत राहिला असाल, तर तुम्हीही हे पाहिलं असेल. शिरूर म्हणा, घोडनदी म्हणा, गाव एकच. पावसाळा सरल्यापासून शिमग्यापर्यंत दर रविवारी दुपारी तीन वाजता खाकी टोपी, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी असा तो उंच माणूस बाजारपेठेतून निघायचा. त्यांच्याविषयी गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. मी तेवढं चांगलं सांगणार नाही. माझं त्यांच्याशी एक भांडण मिटायचं राहून गेलं. आणि ज्याच्याशी भांडण राहिलं, तो माणूस जास्त स्पष्ट आठवतो, हा माझा अनुभव आहे.

मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर चित्रकला आणि भूगोल शिकवला. बायको आधीच गेली होती, मुलगी नगरला दिली होती. निवृत्त झाल्यावर मिशनच्या आवारातल्या एका खोलीत राहायचे. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना आणि दुपारी ही फेरी. नदीवर उतरायचं, घोडच्या काठाकाठानं वाडीपर्यंत जायचं, वाडीतली पडकी गढी बघायची, पुढे नदीकाठच्या जुन्या बारवेपाशी पाणी प्यायचं, ओढा ओलांडून धनगरांच्या माळावरून वळायचं आणि पुणे रस्त्याच्या अंगानं गावात शिरायचं. सात मैल होत असतील.

मी आप्पा, बैलांचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात. लहानपणी दुसऱ्याचे बैल बाजारोबाजार हाकत नेले, मग दलाली केली, मग स्वतःची दावण झाली. हे सगळं पायीच झालं. त्यामुळे डॉक्टरांनी "लघवीत साखर जातेय, रोज चाला" म्हणून सांगितलं, तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. जन्मभर पोटासाठी चाललो, आता फुकट चालायचं! पण जीव प्यारा असतो. मी मास्तरांना गाठलं.

"कुठं जायचं मास्तर?"

"कुठंच नाही. फिरून इथंच यायचं."

"मग हितंच बसू की!"

ते हसले. "बसा तुम्ही. मी येताना तुम्हाला सांगेन काय काय पाहिलं ते." आणि निघालेसुद्धा. मी मागून पळत गेलो. असं मला मागे पळायला लावणारा माणूस तोवर बाजारात भेटला नव्हता.

आमच्यात तिसरा अत्तार. बाजारपेठेत त्याचं सुगंधी तेलाचं आणि बांगड्यांचं दुकान होतं. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी, म्हणून न बोलता मागून यायचा.

मास्तरांची एक खोड होती. कुणाच्या शेताचा बांध आला, कुणाचं अंगण आलं, की थांबून हाक द्यायची, "मालक, जाऊ का?" मालक दिसो न दिसो. शेत पडीक असो, अंगणात कोंबडी असो. हाक द्यायची, दोन श्वास थांबायचं, मगच पाऊल टाकायचं. एकदा नुसतं बुजगावणं उभं होतं. मी म्हणालो, "मास्तर, मालकाच्या डोक्यावर मडकं हाय."

"असू दे. आपल्या तोंडाला वळण राहतं."

वाडीत एकानं गढीचे चिरे आणून गोठा बांधला होता. त्यातल्या एका दगडावर हत्ती कोरलेला, पण तो उलटा बसवलेला, पाय वर. मास्तर दर वेळी परवानगी मागून वहीत त्याचं चित्र काढायचे. शेवटी तो शेतकरी ओशाळून म्हणाला, "मास्तर, सरळ करून बसवू का त्याला?" मास्तर म्हणाले, "नको. इतक्या वर्षांत त्याला सवय झाली असेल." दगड बघायचा असतो, हे मला त्यांनी शिकवलं. हे कबूल करतो.

वर्षातून एकदा मोठी फेरी व्हायची. एस.टी.नं दौंडला जायचं, भीमेच्या एका काठानं चालत पेडगावचा जुना किल्ला गाठायचा, तिथल्या धर्मशाळेत मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी होडीनं पलीकडे उतरून दुसऱ्या काठानं परत. लोक वेड पांघरून पेडगावला जातात, आम्ही भाकरी बांधून गेलो. त्या होडीत मी मास्तरांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. ती सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

"हेडी मनात भरलेल्या बैलाकडं कधी बघत न्हाई, मास्तर. त्याच्याकडं पाठ करतो आन् शेजारच्याचे दात बघतो. बघितलं की भाव चढला."

मास्तरांना इतकं हसू आलं की होडी हलली. "म्हणजे आप्पांनी पाठ फिरवली, की समजायचं त्यांचा जीव तिथं आहे!"

"आक्षी बरोबर," मी म्हणालो.

आता बारवेचं सांगतो. वाडीपुढची ती बारव गाळानं अर्धी भरलेली होती. पायऱ्यांवर बाभळी उगवलेल्या. तिच्याभोवतीचा पट्टा एका एकट्या म्हातारीचा, दगडगोट्यांचा. तिथूनच आमची वाट जायची. म्हातारी आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी द्यायची. मास्तर दर शिमग्याला गाठी मारलेली सुतळी सोडून पाणी मोजायचे. एकदा मला म्हणाले, "आप्पा, मी सोळा वर्षं मोजतोय. वाडीतल्या विहिरी आटतात, हिचं पाणी बोटभरसुद्धा उतरत नाही. गाळाखाली मोठा झरा असणार." हे त्यांनी गंमत म्हणून सांगितलं, गढीचा हत्ती दाखवला तसं. मी रात्रभर झोपलो नाही.

चार दिवसांनी एकटाच म्हातारीकडे गेलो. बारवेकडे पाठ करून उभा राहिलो. दगडांना नावं ठेवली, बाभळींना नावं ठेवली. म्हणालो, "आजे, ह्यात शेळी बी चरायची न्हाई."

"घे बाबा," ती म्हणाली. "मला तरी काय पिकतंय त्यात. प्यायाला एक घागर तेवढी भरू दे."

"एक का, दोन भरा की."

सौदा झाला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा. शिमग्याच्या अखेरच्या फेरीत, धनगरांच्या माळावर, मी मास्तरांना तो रंगवून सांगितला. ते थांबले.

"तुम्ही पाठ केली होती?"

"व्हय तर! शेवटपर्यंत!"

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता. त्या दिवशी पुणे रस्ता येईपर्यंत ते पुढे पुढेच चालले. मला वाटलं, उन्हानं दमले असतील.

उन्हाळ्यात मी गाळ काढला. झरा लागला, मास्तर म्हणाले होते तिथंच. इंजिन बसवलं. पाऊस पडल्यावर लिंबाची रोपं लावली. वाडीतल्या शेळ्या रोपं खायच्या, म्हणून बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली. शेळ्यांसाठी. माणसांसाठी मी आमच्या वाटेवर दोन्ही अंगाला लाकडी कवाडी ठेवली. कुलूप नाही, नुसती कडी. हे मी नीट सांगतो, कारण गावात वेगळंच पसरलं.

दिवाळीच्या आधी नवी फेरी सुरू होणार होती. त्या पहिल्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर निघालो नाही. नवा फेटा बांधून शेतात जाऊन थांबलो. घरून चहाची किटली मागवली. मास्तर येणार, कवाडीशी थांबणार, आणि बुजगावण्याला देतात ती हाक मला देणार. तुम्हाला हसू येईल. पण मला जन्मात कुणी शिकलेल्या माणसानं मालक म्हटलं नव्हतं. आप्पा म्हणायचे, हेडी म्हणायचे, पाठीमागं आणखी काय काय म्हणायचे. मला ती हाक हवी होती, आणि ती मास्तरांच्याच तोंडून हवी होती. मी "या!" म्हणणार होतो. स्वतः कडी काढणार होतो.

हाक नीट ऐकू यावी म्हणून इंजिन बंद केलं.

काठाकडून काठीचा आवाज आला. आणि माझ्या अंगातला हेडी जागा झाला. मी कवाडीकडे पाठ केली आणि एका लिंबाच्या रोपाची पानं बघत उभा राहिलो.

काठी थांबली. मी वाट बघितली. दोन श्वास झाले, चार झाले. पाण्याचा थेंब बारवेत पडलेला ऐकू आला. मग काठी पुन्हा वाजली, पण आवाज लांब लांब जायला लागला. मी वळलो. मास्तर आल्या वाटेनं परत चालले होते. अत्तार कवाडीपाशी एकटाच उभा होता, त्याला पुढे जावं की मागे हे कळत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "ओ मास्तर! कडी न्हाई दिसली व्हय? का पगारी हाताला दुसऱ्याची कडी काढायची लाज वाटती? बापजन्मात वावभर जमीन घेतली न्हाई, आन् आम्हाला शिकवता व्हय!"

ते क्षणभर थांबले. वळले नाहीत. तसेच गेले. नगर रस्त्याच्या दगडापाशी लोकांनी त्यांना परत येताना पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गावात झालं, की आप्पानं मास्तरांची वाट अडवली.

चार दिवसांनी अत्तार दुकानातून उठून माझ्याकडे आला. म्हणाला, "मास्तर म्हनत्यात, पानी म्हातारीचं व्हतं. झऱ्याचं मी आधी तिला सांगाया पायजे व्हतं, आप्पांना न्हाई."

"मग चूक त्यांची! माझ्याकडं पाठ का फिरवली?"

"आप्पा, आधी पाठ तुमची व्हती. मी बघितली."

मी त्याला दारातून घालवून दिलं. अत्तारानं पाहिलं ते खरं असेल. पण त्या पाठीचा अर्थ अत्ताराला माहीत नव्हता. गावात कुणालाच माहीत नव्हता. फक्त मास्तरांना माहीत होता. भीमेच्या होडीत मीच तो त्यांना सांगितला होता, आणि ते पोट धरून हसले होते. ज्या माणसाला उलट्या हत्तीची दया येते, त्याला माझी पाठ वाचता येऊ नये? माझी तक्रार एवढीच आहे. ती मी आजही मागे घेतलेली नाही.

पुढे मास्तरांनी फेरी बदलली. पुणे रस्त्याकडून निघून तिकडच्या तिकडे फिरायचे. बाजारात समोर आले तर टोपीला हात लावायचे. मी शेजारचं दुकान बघायचो. असे तीन हिवाळे गेले. मग मुलीनं त्यांना नगरला नेलं, आणि एका उन्हाळ्यात तिकडेच ते वारल्याचं अत्तारानं सांगितलं. मिशनच्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवली होती. मी गेलो होतो. आत नाही गेलो. फाटकासमोर एक टांगा उभा होता, त्याच्या घोड्याचे दात बघत, चर्चकडे पाठ करून, आतलं गाणं संपेपर्यंत टांगेवाल्याशी घासाघीस केली. घोडा मला नकोच होता.

कवाडीला मी कधी कुलूप लावलं नाही. तिथली वाट मात्र मोडली. चालणारंच कुणी राहिलं नाही. कडी गंजली.

प्रार्थनेनंतरच्या रविवारी मी लिंबांना आळी करत होतो. मागून हाक आली.

"मालक, जाऊ का?"

हातातलं खोरं टाकून मी वळलो. या वेळी एक श्वाससुद्धा थांबलो नाही. कवाडीत म्हातारी उभी होती, डोक्यावर रिकामी घागर. रोज यायची ती वाडीच्या अंगानं, कुपाटीतल्या फटीतून, न विचारता, स्वतःच्या शेतात आल्यासारखी.

"आज इकडून काय आजे? आन् इचारता कशाला?"

"मास्तर गेलं म्हनं," ती म्हणाली. "त्येच तेवढं इचारून जायचं हितनं. म्हटलं, त्येंच्या माघारी कुनीतरी इचाराया पायजे."

ती पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. तिनं दोन श्वास वाट बघितली, अगदी त्यांच्यासारखी, आणि खाली उतरली. मी "या" म्हणेपर्यंत तिची घागर भरली होती.