अकरा गिरण्या, एक नंबर

संगीता आडे नाकासमोर चालणारी बाई आहे, असा ढाणकीत सगळ्यांचा समज होता. समज चुकीचा होता, पण सहा वर्षांत तो खोटा ठरायची वेळ आली नव्हती एवढंच. पंजाबरावांच्या दुकानात ती घरगुती पिठाच्या गिरण्या विकायची, बिलं फाडायची आणि एका जाड वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहायची. 'मास्तरीणबाई, देवळामागचं घर' एवढं लिहिलं की कंपनीचा मेकॅनिक बरोबर दारात उभा राहायचा.

मग नागपूरच्या कंपनीनं वही बंद करून सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर दिलं, आणि त्यात एक एआय एजंट. 'नवीन ग्राहक घे' असं मराठीत लिहिलं की तो नाव, गाव, नंबर विचारून नोंद करायचा. चिडायचा नाही, चहाला उठायचा नाही. पंजाबराव तर जावयाचं करावं तसं त्याचं कौतुक करायचे.

घोळ झाला तो संगीताच्याच बंजारा तांड्यावरून. बचत गटाच्या अकरा बायकांनी एकाच दिवशी अकरा गिरण्या घेतल्या. फोन नंबर विचारला तर अकराही जणींनी तांड्याचा नायक प्रेमसिंग याचाच सांगितला. बायकांजवळ फोन नव्हते असं नाही, पण बाहेरच्या माणसाला नंबर द्यायचा तो नायकाचाच, ही तांड्याची रीत. पहिली नोंद नायकाच्या बायकोची, हंसाबाईची झाली. दुसऱ्या नावाला एजंटनं विचारलं, "हा नंबर आधीच आहे. एकच ग्राहक समजून जोडू का?" दुकानात गर्दी होती. संगीतानं 'हो' दाबलं, आणि पुढं आणखी नऊ वेळा दाबलं.

चार महिन्यांनी रामीबाई चव्हाण ऑटोतून उतरून दुकानात आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शेजारपाजारची ज्वारी दळून द्यायची आणि त्यावर जगायचं. गिरणी पंधरा दिवसांपासून बंद होती.

"कंपनीवाला मले म्हन्ते, तुमच्या नावाची गिरणीच नाही," ती म्हणाली. "मंग माह्या घरात काय उभं हाय?"

संगीतानं स्क्रीनवर पाहिलं. अकरा गिरण्या, ग्राहक एक, हंसाबाई. फुकट दुरुस्ती ग्राहकाला वर्षातून एकदा, आणि ती हंसाबाईच्या गिरणीला होऊन गेली होती. बाकी दहा जणी कुठंच नव्हत्या. संगीताला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. यंत्राचा नाही, त्यानं विचारूनच केलं होतं. 'हो' तिनंच म्हटलं होतं.

"भाऊ, ह्या नोंदी मी सोडवून राह्यली," तिनं पंजाबरावांना सांगितलं.

"काहून वं? एकही डुप्लिकेट नाही म्हनून कंपनी आपल्याले बक्षिसाची ढाल देऊन राह्यली. सुंठीवाचून खोकला गेला, आता कायले उकरतं?"

"खोकला नाही गेला भाऊ. दहा बाया गेल्या."

"ढाल गेली त तू बी जाशील, सांगून ठेवतो!"

"जाईन. पन दहाही लिहूनच जाईन."

संगीतानं जुनी बिलं काढली, खुर्ची पुढं ओढली आणि रामीबाईला म्हणाली, "याडी, बसा." तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि आईच्या वयाच्या बाईलाही.

"हा नंबर आधीच आहे. जोडू का?" एजंटनं विचारलं. संगीतानं उत्तर रामीबाईला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत लिहिलं, "नाही."

"ही नोंद दुबार असण्याची शक्यता जास्त आहे."

"दुबार नाही. घर वेगळं, चूल वेगळी, गिरणी वेगळी. वेगळी नोंद कर."

एजंटनं केली. मग पुढची बाई, आणि तोच प्रश्न. संगीता प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात 'नाही' म्हणाली. दहाव्या नावापर्यंत तिचा घसा बसला, पण हात थांबला नाही.

तासाभरात नागपूरहून फोन आला. पंजाबरावांनी दोनदा "हो साहेब" म्हणून तो विंचू झटकावा तसा संगीताच्या हातात दिला.

"एका नंबरावर अकरा ग्राहक? ही चूक कुणी केली?"

"चूक मीच केली होती साहेब, चार महिन्यांआधी. आज दुरुस्त केली. आता मेकॅनिक पाठवा."

"तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल मला."

"लिहा ना. पन आधी रामीबाईची तक्रार लिहा. त्या इथंच बसल्या हायेत. गिरणी चालू होईल तेव्हाच उठतीन, आन् मीबी."

पलीकडे कळफलकाची टकटक सुरू झाली. मग साहेबांनी विचारलं, "तक्रार कुणाच्या नावानं घेऊ?"

संगीतानं फोन रामीबाईच्या कानाला लावला. रामीबाईनं पदर सारखा केला, फोन स्वतःच्या हातात घेतला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रामीबाई हरी चव्हाण. गिरणी माही हाय. मले कोनाच्यात जोडू नका."